डावा कफ

मंगळदास मार्केटात सव्वादोन मीटर पॉपलिन घेतलं,
फिकट राखाडी, अंगात बारीक रेघ.
दुकानदार म्हणाला, शिवायला कुणाकडे देणार?
म्हटलं, घरीच.
त्याने माझ्या मागे वाकून बघितलं,
बरोबर बाई दिसतेय का.

मशीन गोरेगावच्या बंद होणाऱ्या शिवणवर्गातलं,
पायाचं. लाकडी फळीवर कुणीतरी
कर्कटकाने कोरलंय : शोभा हळू चालव.
मी शोभा नाही, पण हळू चालवतो.

पहिला शर्ट अंगात गेला नाही.
दुसरा गेला, निघाला नाही;
उज्ज्वलाने मुंढ्याला कात्री लावून सोडवलं मला
आणि हसत हसत फरशीवरच बसली.
तिसऱ्याची काजं भलत्या पट्टीवर पडली,
तो घरात वापरतो,
बायकी बाजूने बटणं लावत.

चौथ्याला कळलं, चूक कापडात नव्हती.
आरशासमोर टेप धरली
तर उजवा खांदा अर्ध्या इंचाने खाली.
एकतीस वर्षं औषधांची बॅग,
सॅम्पलं, कॅटलॉग, डॉक्टरांना वाटायची पेनं,
कुर्ल्यापासून वसईपर्यंत दवाखान्यांचे जिने.
रेडीमेडवाल्याला हे ठाऊक असायचं कारण नाही,
त्याचा माणूस दोन्हीकडून सारखा.
मी उजवा खांदा वाकडा कापला
आणि जन्मात पहिल्यांदा
शर्ट अंगावर सरळ बसला.
कफ तेवढे राहिले होते.

ते चालू असताना रात्री अकराला बेल.
खालच्या मजल्यावरच्या फिलोमिनाबाई परेरा,
गाऊनवर टॉवेल,
"अवो, माझ्या डोक्यावर काय कारखाना काढलाय?"
मी सॉरी म्हणेपर्यंत त्या आत, मशीनपाशी,
शर्ट उलटा करून
शिवणीवरून अंगठा फिरवत.
"टीप सैल पडते. बॉबिनचा स्क्रू आवळ."
मरोळच्या एक्स्पोर्ट कंपनीत होत्या, सव्वीस वर्षं.
म्हटलं, मग तर हजारो शर्ट शिवले असतील तुम्ही.
"शर्ट?
शर्ट नाय शिवला कधी.
मी डावा कफ."

उजव्या कफला जसवंती, पुढच्या रांगेत.
कॉलरला तिघी. काजांचं मशीन वेगळं.
आणि अख्खा शर्ट व्हायचा तो
दाराच्या पलीकडे कुठेतरी,
तिथून खोक्यात, तिथून जर्मनीला.

त्यांनी माझा डावा कफ उसवला, न विचारता,
आणि पुन्हा लावला.
गॅसवरचा चहा अजून वर आला नव्हता.
उजव्याला हात लावला नाही.
"तो माझा नाय."

तो शर्ट मी लग्नाकार्यात घालतो.
कुणी चांगला आहे म्हणालं
की डावा हात आपोआप पुढे होतो,
उजवा खिशात.
लोक विचारतात, रिटायर झाल्यावर काय छंद?
सांगतो. फक्त जिन्यात बाई असल्या तर
तो शब्द तोंडातल्या तोंडात ठेवतो,
ओठांत टाचण्या धरून बोलावं तसा.

परवाच्या रविवारी त्या वर आल्या.
पिशवीत अबोली रंगाचं सुती कापड,
धुऊन, आवळून, इस्त्री करून आणलेलं.
नातवाला का, उज्ज्वलाने विचारलं.
"कुणाला नाय. मला.
एक अख्खा करायचाय.
सुरू कुठून करतात?"

पाठीपासून, मी म्हटलं.
आपल्या पाठीचं माप आपल्याला घेता येत नाही.
त्या वळून उभ्या राहिल्या,
खिडकीकडे तोंड करून,
उज्ज्वला वही घेऊन बसली.
मी टेप धरली,
पुन्हा धरली.
डावा खाली, म्हटलं. पाऊण इंच.

"नीट बघ," बाई म्हणाल्या,
"पट्टी सैल धरलीस."